सहाव्या गाण्यातले दोन सेकंद

भर दुपारी बाराच्या उन्हात एक माणूस माझ्या दुकानात शिरला, काउंटरवर स्टीलचा डबा ठेवला आणि शांतपणे त्याचं झाकण उघडायला लागला.

"भाऊ, जेवायचं असेल तर बाहेर कडुलिंबाखाली बसा," मी म्हटलं. "इथं कॉम्प्युटर आहेत. मुंग्या लागतात."

"जेवन नाई हाय जी," तो म्हणाला.

डब्यात धुतलेला पांढरा रुमाल होता. आणि रुमालात, पोळी ठेवावी तशी गुंडाळलेली, एक सीडी.

ही २००७ च्या एप्रिलमधली गोष्ट. मी खुशबू टेंभुर्णे. गोंदियाला लागून कुडव्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान होतं. टायपिंग, झेरॉक्स, सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून देणं आणि कोणाचा कॉम्प्युटर बसला तर त्याला उठवणं, अशी सगळी कामं मी एकटी करायची. बाबा, म्हणजे खेमराज टेंभुर्णे, रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेले. ते दारात खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या गावाचं स्टेशन विचारायचे. माझ्या नाकावर राग असतो असं आख्खं कुडवा म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. पण मशीनवर मी कधी रागावत नाही. माणसांवर रागावते, कारण मशीन बहुतेक वेळा माणसांमुळेच बिघडतं.

"यातलं सहावं गानं पाहिजे," तो म्हणाला. "गोंदियात दोन दुकानं फिरून आलो. दोघंबी म्हनतात, फेकून द्या."

"मग माझ्याकडे कोणी पाठवलं?"

"कोनी नाई. इथं एका शेतकऱ्याची मोटार पोचवाले आलतो. तुमची पाटी दिसली." मग जरा थांबून म्हणाला, "पाटीवर लिवलं हाय, सर्व प्रकारचे बिघाड. म्हटलं, इचारून पाहू."

त्याचं नाव संघदीप शहारे. अर्जुनी मोरगावला त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. धानाच्या शेतावरचे पंप जळले की लोक त्याच्याकडे आणतात आणि तो आतली जळकी तार काढून नवी भरून देतो. हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. बोटांच्या टोकांना वार्निशचे तांबूस डाग होते.

"अर्जुनी?" बाबांनी दारातून विचारलं. "चांगलं स्टेशन हाय. गाडी थांबते तिथं."

"थांबते जी," संघदीप हसून म्हणाला. आणि हसताना तो... जाऊ द्या.

मी सीडी ड्राइव्हमध्ये टाकली. माझ्याकडे तेव्हा पेंटियम थ्री होता. जुना, पण मी सांभाळलेला. पहिली पाच गाणी सरळ उतरली. बायांचे आवाज, ढोलकी, टाळ्या. सहावं सुरू झालं आणि ड्राइव्ह मिक्सरसारखी घरघरायला लागली. चाळीस टक्क्यांवर पट्टी थांबली आणि स्क्रीनवर चूक झाल्याची सूचना आली. परत केलं. परत चाळीस. तिसऱ्यांदा गाणं पूर्ण उतरलं, पण वाजवून पाहिलं तर नुसती करकर, कढईत मोहरी तडतडावी तशी.

मी सीडी काढली आणि उजेडाला धरली. बाहेरच्या अर्ध्या भागात गोल गोल ओरखडे होते. एकसारखे, मन लावून काढलेले.

"ही कोणी घासली?"

तो खाली बघायला लागला.

"मी विचारून राहिले, कोणी घासली?"

"मोठी मायनं," तो म्हणाला. "लीलाबाई. माह्या मायची जाऊ. धूळ बसली होती म्हने. राईस मिलमधून कोंड्याची राख आनतो ना आमी, भांडे घासाले... तिनं गडू घासते तशी घासून देल्ली. लई चमकत होती नंतर."

"राखेनं! अहो, सीडी आहे का तांब्या-पितळ? त्यातही गोल गोल! आडवी उभी घासली असती तर एक वेळ चाललं असतं. सीडीत गाणं गोल रेषेत लिहिलेलं असतं. ओरखडा आडवा गेला तर मशीन त्याच्यावरून उडी मारून जातं, तुटलेलं आजूबाजूच्यावरून जुळवून घेतं. पण ओरखडा गाण्याच्याच वाटेनं गेला तर ते बिचारं जुळवणार कुठून? पुसायची असेल तर मऊ कपड्यानं, मधून बाहेर, सरळ. एवढं साधं —"

"म्याडम," त्याने विचारलं, "तुमी समजावून राहिल्या का रागावून राहिल्या?"

"दोन्ही."

"मंग रागावनं आधी उरकून घ्या. समजावनं मले आवडून राह्यलं."

बाबांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर हलत होता, म्हणजे ते हसत होते.

मी विचारलं, "दुसरीकडून आणा ना ही सीडी. मंडळाची दिसते, आणखी असतील."

तेव्हा त्याने सांगितलं. तीन वर्षांआधी त्याच्या गावच्या महिला मंडळाने गोंदियाच्या एका स्टुडिओत दहा गाणी भरली होती. चार-पाच सीड्या निघाल्या होत्या, त्या कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. स्टुडिओ बंद पडला. सहावं गाणं त्याच्या आईचं, देवकाबाईचं. हळदीचं. मागच्या दिवाळीत आई गेली. आणि आता बावीस तारखेला त्याच्या बहिणीची, अल्काची, हळद होती.

"अल्का म्हनते, माय नाई तर नाई, मायचा आवाज तरी माह्या हळदीले पाहिजे," तो म्हणाला. "नाई तर हळदच लावून घेत नाई म्हनते. अन् आमची अल्का म्हनते ते करते." त्याने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. "गावात कोनी कधी मायचा फोटोबी धड नाई काढला. हे एवढंच हाय."

मी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडरवर दहा तारीख होती.

"ठेवून जा," मी म्हटलं. "पाहते मी."

"मी बसतो ना इथं..."

"बसून काय गाणं निघणार आहे? माझ्याकडे काय बघता, स्क्रीनकडे बघा."

"स्क्रीनवर तर एकच पट्टी सरकून राह्यली जी."

तीन तास बसला तो. साबणाच्या पाण्याने सीडी धुतली, मऊ बनियनच्या तुकड्याने मधून बाहेर पुसली, परत लावली. आता तर आख्खं मशीनच गोगलगाय झालं. त्याचं कारण मला माहीत होतं. सीडी वाचताना वारंवार चुका झाल्या की हे जुने कॉम्प्युटर भितात आणि हळू वाचायचं ठरवतात. मग चांगली सीडी टाकली तरी हळूच वाचतात. ती जोडणी एकदा काढून टाकायची, मशीन बंद करून चालू करायचं, मग ते नव्याने ओळख करून घेतं. तसं केलं. मशीन सुधारलं, पण सहावं गाणं काही निघालं नाही.

चारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तो उठला. डबा सीडीसकट माझ्यापुढे सरकवला.

"सांभाळून ठेवजा," म्हणाला. "माय हाय ते माही."

आमच्याकडे तेव्हा लाईट रोज सकाळी नऊ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ जायची. आठला लाईट आली की बरोबर माझा फोन वाजायचा.

"जेवली का सीडी?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं.

"जेवली. धुतली, पुसली, डब्यात झोपवली."

"अन् तुमी?"

"मी काय?"

"जेवल्या का?"

"तुम्हाला काय करायचं आहे?"

"इचारून ठेवतो जी. राग उपाशी पोटी जास्त येते म्हनतात."

दुसऱ्या दिवशी मी टूथपेस्टने ओरखडे घासून पाहिल्याचं सांगितलं. थोडा फरक पडला होता, चाळीसऐवजी साठ टक्क्यांपर्यंत गाणं निघत होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला समजावलं की आता मी मशीनला सांगितलं आहे, चारच्याच वेगाने वाच, घाई करू नको. माझी ड्राइव्ह बावन्नची. म्हणजे गाणं ज्या वेगाने ऐकतो त्याच्या बावन्नपट वेगाने फिरणारी. चांगल्या सीडीला ते ठीक. जखमी सीडीला हळूच घ्यावं लागतं.

"मोटारीचंबी असंच हाय," तो म्हणाला. "जुन्या मोटारीले एकदम लोड द्याचा नाई. आधी रिकामी फिरवाची. तिले जरासा विश्वास आला का मंग..."

"तुम्ही मोटारीबद्दलच बोलून राहिले ना?"

"हाव. तुमाले काय वाटलं?"

मी फोन ठेवला. मग आरशात पाहिलं तर मी एकटीच हसत होते. बावळटासारखी.

शनिवारी माझ्या हातून चूक झाली. आणि ती कशी झाली हे मी आजही कोणाला सांगताना लाजते, पण सांगते.

संध्याकाळी लाईट आली तेव्हा आठला पाच मिनिटं होती. मशीन चालू केलं. मला वाटलं, त्याचा फोन यायच्या आत गाणं आणखी थोडं पुढे गेलेलं असावं. फोन उचलला की सांगायचं, "पाऊणच्या वर गेलं बरं का." त्याचं ते "हाव?" ऐकायचं होतं मला. एवढ्यासाठी! सीडी टाकली, बटण दाबलं आणि घड्याळाकडे बघत बसले. मशीन लाईटीसोबत बंद पडून परत सुरू झालं होतं आणि मी बांधून दिलेला चारचा वेग ते विसरलं होतं. एरवी मी दर वेळी तपासायची. त्या दिवशी नाही तपासला.

ड्राइव्ह पूर्ण वेगात गेली. घुंऽऽ आवाज आला आणि मग एक बारीकसा — टक.

काढून पाहिलं. मधल्या भोकापासून एक चीर निघाली होती, केसासारखी. गाण्यांचा भाग जिथून सुरू होतो तिथल्या हद्दीला येऊन टेकली होती. आणखी एकदा त्या वेगात फिरली असती तर सीडीचे तुकडे झाले असते.

फोन वाजला. मी उचलला नाही. परत वाजला. परत नाही. तिसऱ्यांदा बाबा आतून म्हणाले, "काऊन उचलत नाई वं? भांडले का?"

"नाही बाबा."

"मंग भांडाले तरी उचल."

मी तोंड फिरवून बसले. बाबा पंखा माझ्याकडे वळवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तर तो पायरीवर बसलेला. पहिल्या गाडीने आला होता. शर्ट चुरगळलेला, केस विस्कटलेले.

"फोन काऊन नाई उचलला?" त्याने विचारलं. "बिमार होत्या का?"

मी डबा त्याच्यापुढे ठेवला. उघडला. बोट चिरेवर नेलं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "काल वेग तपासला नाही मी. मशीन पूर्ण वेगात गेलं. ही चीर आधी नव्हती, मी पाडली. मोठी मायनं नाही, मी." मी रुमालाची घडी सरळ केली. "माझं लक्ष कुठं होतं म्हणाल तर... तुमच्या फोनकडे."

तो उठला, बाहेर गेला. मी तशीच उभी. गेला, म्हटलं. जाऊ दे, गेला तर बरोबरच आहे.

पाच मिनिटांनी परत आला. तोंडावर पाणी मारून आला होता, शर्टाची कॉलर ओली होती.

"म्याडम," तो म्हणाला, "मी दहा वर्षांपासून मोटारी भरतो. कधी माह्या हातून तार चुकते, मोटार परत जळते. तवा मी गिऱ्हाइकाले म्हनतो, तुमचं व्होल्टेज कमी हाय. दर वेळा. आजवर एकालेबी नाई म्हटलं का चूक माही हाय." त्याने डब्याचं झाकण हळूच लावलं. "मले कोनी असं तोंडावर सांगितलंच नाई कधी. तुमी मले फोनवर म्हनू शकत होत्या, सीडी खराबच होती."

"खराबच होती. पण एवढी नव्हती."

"हाव," तो म्हणाला. "आता सांगा, काय करता येते?"

रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याच्याशी भांडले असते. हे असं समोर उभं राहून "आता सांगा" म्हणणारं माणूस मला सवयीचं नव्हतं. मला तेव्हाच कळलं की मी कामातून गेलेली आहे.

रात्रभर मी एकच विचार केला होता, तो त्याला सांगितला. आमच्या माळ्यावर एक फार जुना कॉम्प्युटर पडून होता, मेलेला. पण त्याची सीडी ड्राइव्ह आठच्या वेगाची होती, आणि जुन्या ड्राइव्हना पुढच्या बाजूला गाणं वाजवायचं बटण आणि कानाला लावायच्या वायरची जागा असायची. कॉम्प्युटरला त्यातलं काही उतरवायला सांगायचंच नाही. ड्राइव्हने टेपरेकॉर्डरसारखं गाणं साध्या वेगात वाजवायचं, वाजवताना ती जमेल तिथे स्वतःच डागडुजी करते, आणि आपण वायरीने तो आवाज माझ्या मशीनमध्ये भरून घ्यायचा. वेग एकपट. चिरेला धक्का कमी.

"मंग हे पहिल्या दिवशी काऊन नाई केलं?"

"कारण माळ्यावर चढायचा मला कंटाळा आणि माझ्या बावन्नच्या ड्राइव्हचा मला गर्व," मी म्हटलं. "आणखी काही विचारायचं आहे?"

"नाई जी. शिडी धरतो."

ड्राइव्ह खाली आली, पण तिचा ट्रे उघडेना. आतून नुसता कण्हल्यासारखा आवाज. आता त्याची पाळी होती. त्याने चार स्क्रू काढले, आत वाकून पाहिलं आणि एक बारीक काळं रबर बोटावर घेऊन मला दाखवलं.

"पट्टा ढिला झाला. सरकून राह्यला नुसता. गरम पानी हाय का?"

बाबांच्या चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी त्याने वाटीत मागितलं आणि रबर त्यात सोडलं. बाबा बघत राहिले.

"माह्या चहात पट्टा शिजवून राहिले तुमी," बाबा म्हणाले.

"दोन मिनिटं बाबा. गरम झालं का आवळते रबर."

'बाबा' म्हणाला तो. मी ऐकलं, बाबांनीही ऐकलं. दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

साडेअकराला लाईट आली. ट्रे उघडला, आज्ञाधारकपणे. मी सीडी ठेवली. चिरेला धक्का लागू नये म्हणून त्याने खालून माझं मनगट धरलं. क्षणभरच. सीडी बसली आणि त्याने हात काढून घेतला, आणि मनगटाला तेवढ्याच जागी हवा लागत राहिली.

बटण दाबलं. एक... दोन... सहा.

आधी ढोलकी. मग एक आवाज आला. मोठा नाही, सुरेलही फार नाही, थोडा बसका, कामाच्या बाईचा.

"बोडीच्या पारीवर पिवळं ऊन पडलं,
माह्या लेकीच्या अंगाले हळद होऊन चढलं..."

शेतातल्या तळ्याचा बांध आणि त्याच्यावरचं ऊन डोळ्यांपुढे आलं. संघदीप खाली बसला. भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात. मी तोंडावर बोट ठेवलं होतं, जसं काही वायरीतून आमचं बोलणं जाणार होतं. चाळीस टक्के गेले. साठ गेले. करकर थोडी होती, पण गाणं चालत होतं. बाबा दारात उभे राहून एका गिऱ्हाइकाला हाताने थांबवत होते. तीन मिनिटं झाली. आणि मग, एका ओळीच्या सुरुवातीला, सगळं गप्प. ढोलकी नाही, बाई नाही. मी डोळे मिटले. एक... दोन... आणि आवाज परत आला, पुढच्या ओळीवर, आणि गाणं शेवटपर्यंत गेलं.

"परत लावते," मी म्हटलं. "दोन सेकंद गेले. एक ओळ गेली. परत लावलं तर कदाचित —"

"नका लावू."

"पण एक ओळ —"

"चीर वाढली तर? जेवढी माय सापडली तेवढी ठेवा." त्याने मनगटाने डोळे पुसले, लाज न बाळगता. "बोलते ना ती, खुशबू. ऐकलं ना तुमी? बोलते."

मला त्याने पहिल्यांदा नावाने हाक मारली आणि माझं लक्ष त्या दोन सेकंदांकडे होतं. असं माझं डोकं!

पुढचे चार दिवस मी ती भोकाची जागा बुजवायचा प्रयत्न केला. गाण्यातली ती ओळ दुसरीकडे कुठे येते का पाहिलं. नव्हती येत. ढोलकीचा तुकडा चिकटवून पाहिला, तर तो ठिगळासारखा कळत होता. शेवटी जागा तशीच सोडली. तीन नव्या सीड्यांवर गाणं भरलं, कमी वेगात, आणि तीनही पाकिटांवर लिहिलं: राख लावू नये.

बावीसला बाबा आणि मी अर्जुनीच्या गाडीत बसलो. बोलावणं रीतसर आलं होतं, बाबांच्या नावाने. बाबा नवं धोतर नेसले आणि वाटेत प्रत्येक स्टेशनावर कोणत्या साली कोणता रूळ बदलला ते मला सांगत राहिले. मी ऐकत नव्हते. मला फक्त भीती होती. आख्ख्या गावासमोर, लाउडस्पीकरवर, त्या बाईचा आवाज मधेच तुटणार. आणि अल्का माझ्याकडे बघणार.

दुपारी तीनला मांडवात हळद सुरू झाली. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव, खाली शेणानं सारवलेली जमीन, पाटावर अल्का. काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची, भावासारखीच हनुवटी. मोठी माय लीलाबाई पहिल्या रांगेत. मला कोणी दाखवायच्या आधीच मी तिला ओळखलं, कारण तिच्यासमोरचे हळदीचे गडू लखलखत होते.

संघदीपने गाणं लावलं.

पहिल्या ओळीला सगळ्या बाया गप्प झाल्या. दुसरीला कोणीतरी "देवका वं..." म्हणून हुंदका दिला. अल्काने मान खाली घातली आणि दोन्ही गाल पुढे केले. बाया एकेक करून हळद लावायला लागल्या. माझं लक्ष घड्याळाकडे. अडीच मिनिटं. पावणेतीन. मी साडीचा पदर मुठीत आवळला.

गाणं तुटलं.

आणि त्याच क्षणी, एक श्वासही मधे न घेता, लीलाबाईने ती ओळ उचलली. तिच्यामागून सगळ्या मांडवाने:

"लेक जाते पल्याड, वाट राह्यते घरी..."

आणि स्पीकरमधून देवकाबाईचा आवाज पुढच्या ओळीवर येऊन त्यांच्यात मिसळला. ढोलकी जुळली. कोणी दचकलं नाही, कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या शेजारी बसलेली रुख्माबाई नावाची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "देवकाचं असंच होतं माय. मधेच थांबाची, आमाले म्हनाले लावाची."

चार दिवस मी जिथे ठिगळ शोधत बसले होते, ती जागा या बायांना भोक वाटलीच नाही. मला रडू आलं. आणि नेमकी तेव्हाच लीलाबाई आली, हातातली उरलेली हळद माझ्या गालाला फासली आणि म्हणाली, "रडू नको. तूच का ते सीडीवाली? मले राखेचं लई बोलली म्हने."

"बोलले, मोठी माय. चुकलं."

"बोलली तर बोलली. पन आता आनखी एक सांग मले, पितळ घासाले तरी राख चालते ना?"

जेवणं सुरू झाली तेव्हा मी मांडवाच्या मागे, स्पीकरच्या पेटीजवळ उभी होते. संघदीप वायरी गुंडाळायला आला. गुंडाळत काहीच नव्हता.

"उष्टी हळद लागली तुमाले," तो म्हणाला. "आमच्याकडे म्हनतात, उष्टी हळद लागली का पुढचं लग्न त्या पोरीचं."

"सगळीकडेच म्हणतात."

"आमच्या घरी आता एकच हळद राह्यली. माही." त्याने एक वायर उगाच सरळ केली. "तवाबी हेच गानं लागंन. दोन सेकंद तसेच राहतीन त्यात. तर मी म्हनत होतो... ते ओळ तुमी पाठ करून ठेवली तर..."

"संघदीप, सरळ विचारा."

"सरळ इचारलं तर तुमी रागावता."

"रागावणं नंतर करते. आधी विचारा."

तो माझ्याकडे वळला. उन्हाचे कवडसे त्याच्या खांद्यावर पडले होते.

"मले तुमी आवडता, खुशबू. त्या दिवशी तुमी डबा उघडून म्हटलं ना, चूक माझी हाय, तवापासून. मले तुमच्याशी लगीन कराचं हाय. झालं. आता रागवा."

मला खूप काही बोलता आलं असतं. कुडवा आणि अर्जुनीमधलं अंतर, माझं दुकान, बाबा एकटे पडतील ते. ते सगळं नंतर बोललोच आम्ही, महिनाभर, रोज आठ वाजता, आणि बाबांनी शेवटी वैतागून सांगितलं की अर्जुनीला गाडी थांबते, मी येत-जात राहीन, तुमी दोघं आता गप बसा. पण त्या दुपारी मला एवढंच सुचलं:

"माझ्या गळ्यात सूर नाही."

"माहीत हाय. फोनवर ऐकला मी गळा."

मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग पेटीपाशी गेले आणि सहावं गाणं पुन्हा लावलं.

पंगत बसली होती. लोक भात कालवत होते, कोणाचं गाण्याकडे लक्ष नव्हतं. संघदीप हात बांधून उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. अडीच मिनिटं. पावणेतीन. गाणं तुटलं, आणि मी, भर मांडवात, माझ्या त्या फाटक्या आवाजात, मोठ्याने म्हटलं:

"लेक जाते पल्याड, वाट राह्यते घरी..."

पंगत वळून बघायला लागली. बाबांचा घास हातातच राहिला. पाटावरून अल्का हळदीच्या तोंडाने खदखदून हसली. मला पुढची ओळ येत नव्हती. पण ती मला म्हणावीच लागली नाही, ती मायनं म्हटली.